घरात एक, बाहेर एक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



१९७५ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, चौथीत. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही राहत होतो. एका पहाटे पोलीस आले आणि बाबांना घेऊन गेले. बाबा काही मोठे पुढारी नव्हते. सभेच्या सतरंज्या घालण्यापासून पडेल ते काम करणारे साधे कार्यकर्ते होते. पोलीस गेल्यावर आईने जमिनीवर पसरलेले कागद गोळा केले, स्टोव्ह पेटवला, मला आंघोळीला पाठवलं आणि वेण्या घालता घालता म्हणाली, "कुणी विचारलं तर सांगायचं, बाबा नागपूरला ट्रेनिंगला गेलेत. घरातलं घरात." रिबिनीची गाठ तिने त्या दिवशी जरा जास्तच घट्ट बांधली होती.

पुढे मी इतिहासाची प्राध्यापक झाले. तीसेक वर्षं आणीबाणी शिकवली. २५ जून १९७५ ला सुरू झाली, २१ मार्च १९७७ ला उठली. मिसा, वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप, बेचाळिसावी घटनादुरुस्ती, सगळं फळ्यावर लिहून दिलं. पण 'घरातलं घरात' हे दोन शब्द माझ्या तासात कधी आले नाहीत. ते इतिहासात बसतात असं मला वाटलंच नव्हतं.

२००५ च्या सुमारास माझ्या मुलीने एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं. उघडून बघते तर चित्रं! काळीपांढरी, जाड रेघेची, चौकटीचौकटींची. मी म्हटलं, "अगं, कॉमिक वाचायचं माझं वय आहे का?" आपल्या पिढीला कॉमिक म्हटलं की वेताळ आठवतो, मँड्रेक आठवतो, फार तर अमर चित्र कथा. वर्तमानपत्रातल्या 'चिंटू'पुढे आपली उडी जात नाही. चित्रं म्हणजे लहान मुलांची सोय, असं आपण धरूनच चालतो. ते पुस्तक मी रात्री जेवण झाल्यावर उघडलं आणि दोन वाजता मिटलं. आज मला तुमच्याशी त्या पुस्तकाबद्दल, आणि त्याच्या नात्यातल्या आणखी दोन-तीन पुस्तकांबद्दल बोलायचं आहे. ही सगळी आत्मचरित्रं आहेत, सगळी बायकांची आहेत, आणि देशात उलथापालथ चालू असताना ज्यांचं बालपण गेलं, अशा मुलींची आहेत.

माझ्या हाती आलेलं पुस्तक होतं 'पर्सेपोलिस'. मार्जान सत्रापी ही त्याची लेखिका आणि चित्रकारही. जन्म १९६९ चा, इराणमधल्या रश्त गावचा, वाढली तेहरानमध्ये. १९९४ साली ती फ्रान्सला गेली ती तिथलीच झाली. पॅरिसमध्ये तिची गाठ कॉमिक काढणाऱ्या काही तरुण चित्रकारांशी पडली. ही मंडळी स्वतःच्या आयुष्यावर, आजारपणावर, घरावर चित्रपुस्तकं काढत होती आणि १९९० साली त्यांनी स्वतःची प्रकाशन संस्थाही उभी केली होती. त्याआधी अमेरिकेत आर्ट स्पीगलमन यांनी 'माऊस' या चित्रपुस्तकात आपल्या वडिलांची नाझी छळछावणीतली कहाणी सांगितली होती आणि १९९२ साली त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला होता. म्हणजे वाट मळलेली नसली तरी पाऊलखुणा होत्या. २००० ते २००३ या काळात 'पर्सेपोलिस' फ्रेंचमध्ये चार भागांत निघालं, लगोलग इंग्रजीत आलं. २००७ साली त्याच्यावरचा चित्रपटही आला. तो सत्रापीने व्हॅन्साँ पारोनो यांच्याबरोबर स्वतःच दिग्दर्शित केला, आणि कान महोत्सवात त्याला ज्यूरी पुरस्कार मिळाला.

पुस्तकाची सुरुवात १९८० साली होते. दहा वर्षांची मार्जी आपल्याकडे बघत बसलेली आहे, डोक्याला काळा रुमाल. शेजारच्या चौकटीत तिच्या वर्गातल्या मुली आहेत. मार्जी अगदी कडेला असल्यामुळे त्या चित्रात ती येतच नाही! पुस्तकाची नायिका दुसऱ्याच चित्रात कापली गेलेली. काल-परवापर्यंत ही मुलगी फ्रेंच शाळेत मुलांच्या शेजारी बसून शिकत होती. क्रांती झाली, मुलामुलींच्या शाळा वेगळ्या झाल्या आणि मुलींच्या हातात रुमाल पडले. ते का बांधायचे, हे कुणी सांगितलं नाही. मग मुलींनी काय केलं? रुमालाची दोरी करून उड्या मारल्या, लगाम करून घोडा घोडा खेळल्या, अंगावर घेऊन भुताचं सोंग काढलं. हे सगळं एका पानात आहे. इराणी क्रांतीवरच्या जाडजूड ग्रंथांत मी हे वाचलेलं नव्हतं.

इथे इतिहासाची थोडी उजळणी करते, कारण तो रुमाल एका दिवसात आलेला नाही. १९३६ साली रेझा शाहने इराणमध्ये पडद्यावर बंदी घातली होती. तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या अंगावरच्या चादरी ओढून काढत. कितीतरी बायका त्या काळात घराबाहेर पडेनाशा झाल्या. त्याच्या मुलाच्या, म्हणजे शेवटच्या शाहच्या राजवटीत सक्ती राहिली नाही; पण 'सावाक' नावाच्या गुप्त पोलिसांचा दरारा होता, तुरुंग भरलेले होते. जानेवारी १९७९ मध्ये शाह देश सोडून गेला, १ फेब्रुवारीला खोमेनी परतले. मार्चच्या सुरुवातीला बायकांनी डोकं झाकून कामावर यावं, असा सूर निघाला आणि ८ मार्चला, महिलादिनी, तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका निषेधाला उतरल्या. तरीही १९८० मध्ये सरकारी कचेऱ्यांतून सक्ती झाली आणि १९८३ मध्ये कायदाच झाला. डोकं उघडं टाकलं तर चौऱ्याहत्तर फटके. म्हणजे आजीच्या डोक्यावरून जबरदस्तीने काढलेलं वस्त्र नातीच्या डोक्यावर जबरदस्तीनेच आलं. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलं नाही.

या निदर्शनांत मार्जीची आईही उतरते. एक जर्मन पत्रकार तिचा फोटो काढतो. तो युरोपातल्या वर्तमानपत्रांत छापून येतो, इराणमधल्या एका मासिकातही येतो. आई घाबरते, केस रंगवते आणि कितीतरी दिवस काळा चष्मा लावून हिंडते. या प्रसंगावर मी बराच वेळ थांबले. आपण इतिहासवाले फोटोला फार मानतो. फोटो म्हणजे पुरावा. पण पुरावा पोलिसांच्याही कामाचा असतो! लेकीने पुढे वीस वर्षांनी आईला कागदावर आणलं ते रेघांनी. ती बाई आई आहे हे आपल्याला कळतं, पण कुणी तिला बाजारात ओळखू शकणार नाही. चित्रच का, या प्रश्नाचं एक उत्तर मला इथे सापडलं.

दुसरं उत्तर असं, की या मुलीला दोन आयुष्यं जगायची होती. बाहेर एक आणि घरात एक. घराच्या खिडक्यांना काळे पडदे. ते शेजाऱ्यांच्या नजरेसाठी. काचांवर चिकटपट्ट्या, त्या बॉम्बसाठी, कारण सप्टेंबर १९८० मध्ये इराकने हल्ला केला आणि ते युद्ध ऑगस्ट १९८८ पर्यंत, आठ वर्षं चाललं. पडद्याच्या आत पत्ते, गाणी, मेजवान्या. काकाच्या तळघरात द्राक्षं तुडवून दारू गाळली जाते आणि तुडवणारी कोण, तर घरकामाला येणारी बाई, देवाची क्षमा मागत मागत! एका रात्री गस्तवाले वडिलांच्या तोंडाला वास येतो म्हणून गाडीमागोमाग घरापर्यंत येतात. आजी सबब सांगते की मला मधुमेह आहे, साखरेचं सरबत लागतं. आणि नातीला घेऊन वर जाऊन घरातली सगळी दारू संडासात ओतते. शेवटी गस्तवाल्यांना हवे असतात फक्त पैसे. शाळेत बाई विचारतात, नमाज किती वेळा पढता? घरी शिकवून ठेवलेलं असतं. मुलींची आकड्यांची चढाओढ लागते आणि आमची मार्जी दहा-अकराच्या पुढे जाते. मी हसले. मग माझं नागपूर आठवलं. मीसुद्धा 'ट्रेनिंग'मध्ये भर घालत गेले होते. बाबांना तिथे मोठा बंगला मिळालाय, बंगल्याला संत्र्याची बाग आहे, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

आणीबाणी आणि इराण यांची तुलना मी करत नाही, गैरसमज नको. तिथे माणसं फासावर गेली, शहरांवर क्षेपणास्त्रं पडली. मार्जीच्या काकाने, अनुशने, तुरुंगात पावाच्या लगद्याचा हंस करून तिला दिला होता. क्रांतीनंतर तोच काका पुन्हा पकडला गेला आणि त्याला मारलं. शेजारच्या ज्यू कुटुंबाचं घर क्षेपणास्त्राने पडतं, ढिगाऱ्यात मैत्रिणीचं फिरोज्याचं कडं दिसतं, आणि त्या पानावरची शेवटची चौकट संपूर्ण काळी आहे. रेघ नाही, चेहरा नाही. शब्दांत हे लिहायला गेलं असतं तर आक्रोश झाला असता.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच एक पान. युद्धात गरीब घरच्या मुलांना शाळेत सोनेरी रंगाची प्लॅस्टिकची किल्ली दिली जाते. लढाईत मेलात तर ही स्वर्गाची किल्ली. मार्जीच्या घरी कामाला येणाऱ्या बाईच्या मुलालाही ती मिळते. त्या पानाच्या वरच्या मोठ्या चौकटीत सुरुंग पेरलेल्या मैदानात मुलांच्या काळ्या आकृत्या हवेत उडालेल्या आहेत, गळ्यात किल्ल्या. आणि खालच्या चौकटीत मार्जी तिच्या आयुष्यातल्या पहिल्या पार्टीत नाचते आहे. आईने मुद्दाम भोकं ठेवून विणून दिलेला फॅशनचा स्वेटर अंगात, गळ्यात साखळी. वरच्या मुलांची शरीरं आणि खालच्या मुलांची शरीरं जवळजवळ सारख्याच ढबीत हवेत आहेत.  कुणाची मुलं युद्धावर गेली आणि कुणाची घरी राहिली, हे मी तासभर व्याख्यान देऊन सांगितलं असतं. या बाईने ते एका पानात केलं, आणि नाचणाऱ्यांत स्वतःला उभं केलं.

हे 'स्वतःला उभं करणं' फार महत्त्वाचं आहे. अशा पुस्तकांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की ही खाऊनपिऊन सुखी घरच्या मुलीची कहाणी आहे. आहेच. वडिलांची कॅडिलॅक होती, घरात मेहरी नावाची मोलकरीण होती. पण हा आक्षेप सत्रापीने आपल्या आधीच नोंदवून ठेवला आहे. कॅडिलॅकमध्ये बसायची तिला लाज वाटते. मेहरी आठ वर्षांची असताना कामाला आलेली, ती आणि मार्जी बहिणींसारख्या वाढलेल्या. मेहरी शेजारच्या मुलाच्या प्रेमात पडते. तिला लिहिता येत नाही म्हणून पत्रं मार्जी लिहिते. वडिलांना कळतं आणि ते, ते पुरोगामी वडील, मुलीला समजावतात की या देशात आपल्या पायरीच्या बाहेर प्रेम करता येत नाही. आपल्याकडच्या किती घरांत हे वाक्य वेगळ्या शब्दांत बोललं गेलं असेल, याचा हिशोब श्रोत्यांनीच करावा.

आणखी एक प्रसंग. क्रांतीनंतर मार्जी आणि तिचे सवंगडी बोटांच्या मध्ये खिळे धरून रामीन नावाच्या मुलाला मारायला निघतात. त्याचा दोष एवढाच, की त्याचे वडील 'सावाक'मध्ये होते. आई वेळेवर पोचते म्हणून ते टळतं. न्यायाच्या नावाखाली पोरं किती सहज क्रूर होतात, हे तिने लपवलेलं नाही.

आणि आता ज्या प्रसंगासाठी मी हे भाषण देतेय, तो. १९८४ साली, चौदाव्या वर्षी, आईवडील तिला व्हिएन्नाला पाठवतात. तिथे चार वर्षं नाना प्रकारे होरपळून ती तेहरानला परत येते. एक दिवस ती ओठांना लाली लावून मित्राला भेटायला बाहेर उभी असते. इतक्यात गस्तीची गाडी येते. आता आपण पकडले जाणार. ती काय करते? जवळ बसलेल्या एका माणसाकडे बोट दाखवते आणि सांगते, हा मला अचकटविचकट बोलला. गस्तवाले त्याला उचलून नेतात. तो बिचारा सांगत राहतो की मी काही बोललो नाही. मित्र भेटल्यावर दोघं या गोष्टीवर हसतात! मग ती हे आजीला सांगते, मोठ्या चतुराईची गोष्ट म्हणून. आजी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडते. तुझा आजोबा, तुझा काका कशासाठी तुरुंगात गेले होते, विसरलीस? त्या माणसाचं पुढे काय झालं, ते पुस्तकात येत नाही.

हे पान वाचून मी पुस्तक खाली ठेवलं.

आमच्या वर्गात आणखी एक मुलगी होती, जिचे वडील माझ्या बाबांबरोबरच तुरुंगात होते. तिचं नाव इथे घेत नाही. आम्ही एका बाकावर बसायचो, डबा एकत्र खायचो. तिच्या आईने तिला काही शिकवून ठेवलं नव्हतं, किंवा शिकवूनही तिने ऐकलं नसेल, तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "माझे बाबा जेलमध्ये आहेत." दोन दिवसांत वर्गाने तिला वाळीत टाकलं. चौथीतल्या मुलींचं वाळीत टाकणं तुम्हाला माहीत असेल; कुणी बोलत नाही, डब्याच्या वेळी गोल फिरवून घेतात. एक दिवस बाईंनी भर वर्गात मला विचारलं, "तुझेही वडील तिकडेच आहेत ना गं?" मी उभी राहिले आणि म्हटलं, "नाही बाई. माझे बाबा ट्रेनिंगला गेलेत." ती शेजारीच बसली होती. तिला खरं माहीत होतं. दर पंधरवड्याला आमच्या आया एकाच एस.टी.ने तुरुंगात भेटीला जायच्या. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. डब्याच्या सुट्टीत मी उठून दुसऱ्या गोलात जाऊन बसले.

१९७७ साली आमचे बाबा सुटले, हार पडले, गावातून ट्रक फिरला. ट्रकमध्ये आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो, हातात झेंडे. त्या दिवसांवर मी सभांमधून बोलले आहे, लेख लिहिले आहेत. आईचं धैर्य, बाबांची पत्रं, सगळं. डब्याची सुट्टी कधी सांगितली नाही. सोसलेल्यांच्या यादीत नाव एकदा लागलं, की आपण दुसऱ्याला काय केलं हे सांगायची गरज राहत नाही. सत्रापीला तो गस्तीचा प्रसंग गाळता आला असता. कुणाला कळलं नसतं. म्हणून तिच्या बाकीच्या पानांवर माझा विश्वास बसला.

तेहरानहून आता थोडं पश्चिमेला, बेरूतला जाऊ. तिथे १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षं यादवी चालली. शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, मधल्या सीमारेषेवर बंदूकधारी नेम धरून बसलेले. झैना अबीराशेदचा जन्म १९८१ चा, म्हणजे शांतता कशी असते हे तिने पाहिलेलंच नव्हतं. तिचं घर त्या सीमारेषेलगत. पुढे फ्रान्सला गेल्यावर तिला १९८४ मधल्या एका फ्रेंच टीव्ही वार्तापटाचा तुकडा इंटरनेटवर सापडला. सीमारेषेजवळ राहणाऱ्या लोकांवरचा. त्यात तिची आजीच बोलताना दिसली. त्यातून २००७ साली तिचं पुस्तक निघालं. त्याचं नाव तिने बेरूतच्या एका भिंतीवर खरडलेल्या वाक्यावरून घेतलं. मरणं, जाणं, परतणं, हा पाकोळ्यांचा खेळ आहे, अशा अर्थाचं.

पुस्तकभर एकच रात्र आहे. तोफांच्या भीतीने एकेक खोली सोडत सोडत हे कुटुंब घराच्या मधल्या प्रवेशाच्या खोलीत येऊन राहिलेलं आहे, कारण तेवढीच जागा बाहेरच्या भिंतींपासून दूर. आईवडील चार गल्ल्या पलीकडे आजीकडे गेले आहेत आणि तोफा सुरू झाल्या आहेत. दोन मुलं वाट बघत बसलेली. मग एकेक शेजारी येत जातो. कुणी केक करतं, कुणी लेट्यूसची पानं निवडतं, कुणी मास्तर नाटकातले उतारे म्हणून दाखवतात. भिंतीवर एक मोठा पडदा लटकतो, त्यावर इजिप्त सोडून निघालेले मोझेस आणि त्यांचे लोक. सगळी रात्र त्या पडद्यापुढे. आणि त्या चार गल्ल्या ओलांडायच्या कशा, हे तिने नकाशा काढून दाखवलंय: इथे पळायचं, इथे भिंतीला चिकटून जायचं, इथे वाकायचं. एखाद्या नाचाच्या पावलांसारखा तो नकाशा आहे. लेबनॉनच्या यादवीतले गट, उपगट, करार यांचा तक्ता मी एकदा विद्यार्थ्यांसाठी केला होता. मला स्वतःला तो कधी पाठ झाला नाही. त्या खोलीचा आराखडा मात्र मी आता डोळे मिटून काढून देईन.

मिरियम काटिनचं पुस्तक याहून अवघड आहे. जन्म १९४२, हंगेरी, ज्यू कुटुंब. १९४४ मध्ये नाझी आले तेव्हा तिची आई आपण दोघी मेलो असं भासवून, खोटी कागदपत्रं घेऊन, छोट्या मुलीसह खेड्यांकडे पळाली. एवढ्याशा मुलीला काय आठवणार? काटिनने आईच्या आठवणींवरून आणि पत्रांवरून ते सगळं उभं केलं, तेही साठी ओलांडल्यावर. पुस्तक आलं २००६ मध्ये. भूतकाळ सगळा पेन्सिलीचा, धूसर, आणि पुढच्या आयुष्यातली थोडी पानं रंगीत. त्यात एक जर्मन अधिकारी येतो. तो आईकडे येतो आणि मुलीसाठी चॉकलेट आणतो. मुलीला तो आवडतो! चॉकलेटची किंमत आई काय मोजते, ते मुलीला कळत नाही. वाचणाऱ्याला कळतं, आणि पेन्सिल धरणाऱ्या हाताला तर कळलेलंच आहे. चौकट एकच, पण बघणाऱ्या दोघी आहेत, एक दोन-अडीच वर्षांची आणि एक साठीची. लिहिलेल्या आत्मचरित्रात मोठं माणूस लहानपणीच्या स्वतःला सारखं समजावत राहतं, मध्ये बोलत राहतं. चित्रात ते गप्प बसू शकतं.

अशी पुस्तकं आता पुष्कळ झाली. पोलंडच्या कम्युनिस्ट काळातलं बालपण सांगणारी मार्झेना सोव्हाची 'मार्झी' मालिका आहे, चित्रं तिच्या जोडीदाराने काढलेली. नाताळासाठी आणलेला जिवंत मासा न्हाणीच्या टबात पोहतोय आणि मुलीला त्याचा लळा लागलाय. थी बुईचा जन्म सायगाव पडण्याच्या तीन महिने आधीचा, १९७५ चा. तिचं कुटुंब १९७८ मध्ये बोटीतून व्हिएतनामबाहेर निसटलं. तिने २०१७ च्या पुस्तकात आईवडिलांना समजून घ्यायचा प्रयत्न केलाय, आणि त्याची सुरुवात युद्धाने नाही तर स्वतःच्या बाळंतपणाने केलीय. आपल्या देशात काश्मीरवर मलिक सजाद यांचं 'मुन्नू' २०१५ साली आलं, ते मुलाचं बालपण आहे. ज्यांना इंग्रजी वाचता येतं त्यांनी यातलं एखादं तरी मिळवून बघावं.

आपल्याकडे आठवणी लिहिणाऱ्या बायकांना तोटा नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी तर १९३० च्या दशकात आपल्या पुस्तकाला नावच 'स्मृतिचित्रे' दिलं. तिथे रेघ नाही, पण चित्रं आहेत, आणि स्वतःची फजिती सांगताना त्या बाईने हात कधी आखडला नाही. धर्मांतरामुळे घर फुटतं, संसार दोन गावी होतो, आणि सांगणारी स्वतःच्या सोवळ्याओवळ्याला हसते. सत्रापीची आजी आणि आपल्या लक्ष्मीबाई एका खोलीत बसल्या असत्या तर त्यांचं जमलं असतं, असं मला उगीचच वाटतं.

'पर्सेपोलिस'ला पुढे सगळीकडून थपडा बसल्या. २०११ मध्ये ट्युनिशियात एका वाहिनीने चित्रपट दाखवला, त्यात छोटी मार्जी देवाशी गप्पा मारते आणि देव चित्रात दिसतो, म्हणून वाहिनीवर हल्ला झाला आणि पुढे तिच्या मालकाला दंडही झाला. २०१३ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या सरकारी शाळांतून, छळाची चित्रं आहेत म्हणून, सातवीच्या वर्गातून पुस्तक काढून टाकायचा आदेश निघाला. विद्यार्थ्यांनीच त्याविरुद्ध निदर्शनं केली. धर्मवाद्यांना देव नको होता, शाळावाल्यांना छळ नको होता.

सप्टेंबर २०२२ मध्ये तेहरानला महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी, रुमाल नीट बांधला नाही म्हणून ताब्यात घेतल्यानंतर, मरण पावली. त्यानंतर इराणभर जे पेटलं त्यात शाळकरी मुलीही होत्या. वर्गात फळ्यापुढे ओळीने उभ्या राहिलेल्या, रुमाल काढलेल्या मुलींची छायाचित्रं तेव्हा जगभर फिरली. त्यातल्या कितीतरी मागून काढलेली आहेत. लांब वेण्या, मोकळे केस, पाठी. चेहरा एकीचाही नाही. मार्जीच्या आईला काळा चष्मा लावून जे शिकावं लागलं, ते या मुली शिकूनच आल्या होत्या. २०२३ मध्ये सत्रापीने अनेक चित्रकार, पत्रकार आणि अभ्यासक एकत्र करून या उठावावर एक चित्रपुस्तक काढलं. 'पर्सेपोलिस'नंतर तिने कॉमिक काढणं जवळजवळ सोडलं होतं. चित्रपट करत होती. या मुलींसाठी ती परत चौकटींकडे आली.

माझी ती बाकावरची मैत्रीण आता कोल्हापूरला असते. नातवंडं आहेत, गुडघे दुखतात, सगळं माझ्यासारखंच. मागच्या दिवाळीत मी तिला फोन केला. मनाशी ठरवून केला होता. फराळाचं बोललो, मुलांचं बोललो, तिच्या आईच्या आजारपणाचं बोललो. मग मी म्हटलं, "तुझा तो पितळी डबा आठवतो का गं, कडीचा? चौथीतला?"

ती म्हणाली, "आठवतो की. तू दुसरीकडे बसायला लागलीस, मग मी तो न्यायचं बंद केलं. घरी येऊन जेवायचे."